मलिका घोडीच्या पाच किल्ल्या

१

शुक्रवारी सकाळी सहा वाजता मलकपेठच्या मैदानावर बारा पोरं घोड्यावर बसायला आली, आणि बघतात तर घोडीच नाही!

कुलूप मात्र जागच्या जागी. चांगलं मुठीएवढं पितळी कुलूप. घोड्यांची देखभाल करणाऱ्या भिवाजी मोतदारानं रोजच्यासारखी कमरेची किल्ली काढून ते सगळ्यांसमोर उघडलं, दार लोटलं, आणि त्याची पोरगी सखू आत धावली ती तशीच किंचाळत बाहेर आली. आत दिवाणजी नावाचं म्हातारं तट्टू एकटंच कडबा चघळत उभं होतं. शेजारची मलिकेची जागा रिकामी.

हे मंडळ म्हणजे काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं. ‘बालवीर अश्वारोहण मंडळ’ हे नाव तेवढं मोठं, बाकी सगळं लहान. जनावरं दोन. खोगिरं दीड, कारण दुसऱ्याचं निम्मं उंदरांनी खाल्लेलं. आणि चालवणारी माणसं पाच, पाचही बिनपगारी. मराठवाड्यातून हैदराबादेत नोकरीधंद्याला आलेल्यांची पोरं इथं घोड्यावर बसायला शिकत. मलिका ही रेसकोर्सची टाकून दिलेली घोडी. नऊ शर्यती धावली आणि नऊच्या नऊ वेळा सगळ्यांच्या मागून आली. मालकानं कंटाळून ती मंडळाला देऊन टाकली. पळायचं नाही, लाथ मारायची नाही आणि समोर येईल ते खायचं, एवढेच तिचे गुण. पोरांना शिकवायला आणखी काय पाहिजे हो?

कोंडाबाई ही त्या पाचांतली एक. जच्चाखान्यात, म्हणजे बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स, वय बावन्न, मूळची नांदेडकडची. मंडळात तिचं काम म्हणजे पडलेल्या पोरांना आयोडीन लावणं आणि रडणाऱ्या आयांना गप्प बसवणं. भिवाजी तिचा धाकटा भाऊ. ती औषधांची पेटी घेऊन पोचली तेव्हा तबेल्यासमोर घोळका जमला होता आणि मंडळाचे चिटणीस एकनाथराव घोळक्याच्या मधोमध छत्री रोवून उभे होते.

“कुलूप तुटलेलं नाही,” एकनाथराव म्हणाले. सचिवालयात हेडक्लार्क, त्यामुळे घरी चहा मागितला तरी टिपण वाचल्यासारखा मागायचे. “म्हणजे चोरानं ते किल्लीनं उघडलं आणि किल्लीनंच परत लावलं. मंडळाच्या नियमाप्रमाणे कुलूप एक, किल्ली एक. आणि ती एक किल्ली कुणाकडे असते?”

बारा पोरं आणि जमलेली मोठी माणसं, सगळ्यांनी एकदम भिवाजीकडे पाहिलं. किल्ली अजून त्याच्या हातातच होती.

२

“मी नाही नेली,” भिवाजी म्हणाला.

“आम्ही कुठं तसं म्हणतोय,” एकनाथराव म्हणाले, आणि खिशातून कागद काढून त्यावर नेमकं तसंच लिहायला लागले.

एकनाथरावांची घाई कोंडाबाईला ठाऊक होती. येत्या एक तारखेला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार होते. मराठवाडा मुंबईला, कानडी जिल्हे म्हैसूरला, उरलेला तेलंगणा आंध्राला. महिनाभर सचिवालयात कपाटं, खुर्च्या, फायली आणि कारकून यांच्या वाटण्या चालल्या होत्या. एकनाथराव मुंबईच्या वाट्याला आले होते आणि मंगळवारी निघणार होते. कालच मैदानावर त्यांचा निरोपसमारंभ झाला. आता मंडळाचा चार्ज द्यायचा राहिला होता. यादीत लिहिलेलं होतं, घोडे दोन. आणि जागेवर होता एक.

“घोडी सापडली नाही तरी एक वेळ चालेल,” ते म्हणाले, “पण मला तक्रारीचा नंबर पाहिजे. नंबर मिळाला की यादीत घोडीच्या जागी नंबर लिहिता येतो. पाच वाजता ठाण्यावर जाऊन अर्ज देतो. संशयिताचं नाव भिवाजी.”

“अहो, काय बोलता!” कोंडाबाई पुढं झाली. “हा रेसकोर्सवर मोतदार आहे. घोडा चोरल्याचा संशय म्हणून पोलिसांची चिठ्ठी तिथं गेली, की ह्याला घोड्यांत कोण उभं करेल? नोकरी जाईल, खोली त्यांचीच हाय ती जाईल. पोरगी घेऊन रस्त्यावर येईल की ओ!”

“नियम आहे, कोंडाबाई.”

भिवाजी बोलला तेव्हा फार हळू बोलला. “एकनाथराव, बारा दिवस झाले नागपुरात दीक्षा घेऊन. पंचशील घेतलंय मी. चोरी करणार नाही म्हणून लाखो लोकांच्यात उभं राहून बोललोय. तुम्हाला ते माहीत हाय. तरी माझंच नाव लिवलं?”

एकनाथरावांनी मान खाली घालून कागदावरची शाई फुंकली. ते मनानं वाईट नव्हते, पण चार्जच्या यादीपुढं त्यांना माणूस दिसत नसे.

कोंडाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. “पाच वाजेपर्यंत थांबता ना? मग थांबा. तोवर घोडी कुणी नेली ते मी सांगते.”

“तुम्ही? तुम्ही तर नर्स!”

“जच्चाखान्यात तीस वर्षं काढली. लपवलेल्या गोष्टी बाहेर काढायचंच काम हाय माझं.”

ती तडक तबेल्यात शिरली. आत गवत इतकं विस्कटलेलं होतं की जणू कुणी कुस्ती खेळलं असावं. एकनाथराव दारातून म्हणाले, “झटापट!” भिवाजीनं रात्री टाकलेला कडबा तसाच होता. मलिकेनं कडबा सोडला? ही घोडी एकदा एका पोराची टोपी खाऊन बसली होती! खोगीर खुंटीवर होतं, आणि थंडीत पाठीवर टाकायची जाड झूल मात्र गेली होती. भिंतीवर पिवळट शिंतोडे उडालेले, आणि हवेत एक वास. कोंडाबाईनं नाक पुढं केलं. हिंग! हिंग आणि ओवा. तबेल्यात कुणी आमटीला फोडणी दिली की काय?

ती बाहेर येऊन तबेल्याच्या मागं गेली. पोरांचं रिंगण मैदानाच्या मधोमध असायचं. तबेल्यामागच्या चिंचेखाली कुणी फिरकत नसे. तिथं ओल्या मातीत खुरांचे ताजे ठसे होते, आणि त्यांच्या शेजारी टाचेला लोखंडी पट्टी ठोकलेल्या माणसाच्या बुटाचे. ठसे फाटकाकडे गेले होतेच. पण त्याच्याआधी ते चिंचेभोवती फिरले होते. एकदा नाही, दहादा नाही. मातीत घाण्याच्या बैलानं पाडावी तशी गोल वाट पडली होती.

चोर घोडी चोरतो की तिला प्रदक्षिणा घालायला लावतो?

३

पहिली गाठ हिम्मतरावांशी. हिम्मतराव म्हणजे मुलांना शिकवणारे, जुन्या रिसाल्यातले निवृत्त जमादार. घोडदळात उभी हयात काढलेले, एकटे राहणारे, शिस्तीला कडक. मलिकेला फक्त एक वेळ, मापानं हरभरा द्यायचा, आणि किल्ली एकट्या मोतदाराकडे ठेवायची, हा नियम त्यांचाच. एकदा एका पोरानं मलिकेला पेरू दिला, तर त्याला मैदानाला दहा चकरा मारायला लावल्या होत्या.

ते पाण्याच्या पिंपाच्या आड एका खोक्यावर बसले होते. कोंडाबाई बघतच राहिली. हिम्मतरावांच्या मिशा म्हणजे मलकपेठची खूण. मेण लावून पिळलेल्या, वर चढवलेल्या. आज त्या ओल्या सुतळीसारख्या खाली लोंबत होत्या. आणि पायांत चपला! लग्नाला बूट घालून जाणारा हा माणूस.

“बूट कुठं गेले, जमादारसाहेब?”

“चांभाराकडे. टाच निघाली.” त्यांनी चटकन रुमाल तोंडावर धरला. “पडसं झालंय. लांबूनच बोला.”

“घोडी कुणी नेली असेल?”

“मी काय सांगणार? पण पोलिसांची घाई नको, असं माझं मत. घोडं कधी कधी... येतं परत.”

“स्वतः कुलूप उघडून, परत लावून?”

हिम्मतराव रुमालात जोरानं शिंकरले. तिथंही कोंडाबाईला हिंगाचा वास आला, पण तबेल्यातलाच नाकात बसला असेल म्हणून तिनं सोडून दिलं.

मग एकनाथराव. ते अर्जाची सुवाच्य प्रत करत होते.

“काल समारंभ संपल्यावर तुम्ही कुठं गेला?”

“थेट घरी,” ते म्हणाले. पण सायकलच्या दांड्याला कालचाच पितळी डबा लटकत होता, आणि डब्याच्या झाकणाला चिकटलेला लांब तांबूस केस काही एकनाथरावांच्या डोक्यावरचा नव्हता, कारण तिथं केसच नव्हते.

“डब्यात काय होतं?”

“पुरणपोळ्या. म्हणजे होत्या. मी खाल्ल्या. सगळ्या.” त्यांना एकदम खोकला आला. “तुम्ही चौकशी करताय की पंगत मोजताय?”

उरला अंबाजीशेठ. अफझलगंजला त्याचं किराणा आणि पेंडीचं दुकान. मंडळाचा चारा तो पुरवायचा. कोंडाबाई चादरघाटचा पूल ओलांडून दुकानी पोचली तेव्हा तो मसूर तोलत होता.

“अंबाजीशेठ, मलिका गेली. तबेल्यातनं.”

अंबाजीच्या हातातलं वजन धाडकन पायावर पडलं. “मी गूळ दिलाच नाही!” तो ओरडला.

कोंडाबाई शांतपणे म्हणाली, “गुळाचं कोण विचारतंय?”

अंबाजी पाय चोळत राहिला. गिऱ्हाइकं हसायला लागली. तो नुसता कपाळावरचा घाम पुसत मसुरात बोटं फिरवत बसला.

कोंडाबाई दुकानाच्या पायरीवर टेकली. तिघंही काहीतरी लपवत होते, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण तिघांनी मिळून एक घोडी कशाला पळवावी? आणि खरं सांगायचं तर लपवणारे तिघंच नव्हते. चौथी ती स्वतः होती. तिनं कनवटीला हात लावला. तिथं, रुमालात गुंडाळलेली, एक किल्ली होती. मलकपेठच्या त्या पितळी कुलपाची.

४

दोन गल्ल्या सोडून फुटपाथवर म्हातारा किल्लीवाला बसायचा. वर्षभरापूर्वी कोंडाबाईनं त्याच्याचकडून ही किल्ली करून घेतली होती. आता तिनं ती त्याच्यासमोर धरली.

“चाचा, ये ताला याद है?”

म्हाताऱ्यानं चष्मा वर केला आणि हसला. “मलकपेठ का पीतल का ताला! अम्मा, इसकी तो चार चाबियाँ बनाया मैं.”

“चार?”

“हौ. असल चाबी कोई नै लाया. सब छाप लेको आए. सूरत मेरे कू याद नै रहती, छाप याद रहती. एक बाई लाल साबुन पे लाए.”

“वो मैंच थी.”

“हौ, आपइच थे. एक जने गुड़ के डल्ले पे लाए. कित्ती चींटियाँ आए उसके पीछू! एक जने लाल लाख पे, सरकारी मोहर वाली लाख. और एक जने मोम पे. क्या खुशबू थी अम्मा, मोगरे की! चाबी बनाको मोम मैं घर लेको गया, बीबी खुश हुई.”

साबण नर्सचा. गूळ किराणावाल्याचा. मोहरेची लाख हेडक्लार्कची. आणि मोगऱ्याचं मेण अख्ख्या मलकपेठेत एकाच माणसाच्या मिशांना लागत होतं. पाच माणसं, पाच किल्ल्या. त्यांतली एकच उघड, भिवाजीची. बाकी चौघांनी तीच किल्ली त्याच्याकडून काही ना काही निमित्तानं घटकाभर मागून घेतली होती आणि गुपचूप ठसा काढला होता. आणि आता त्या एका उघड किल्लीपायी भिवाजी फासावर चालला होता! कोंडाबाईला स्वतःचीच लाज वाटली.

पण किल्ली चौघांकडे असली तरी घोडी एकानंच नेली. कुणी? नुसत्या किल्लीवरून ते ठरत नव्हतं.

घड्याळात साडेतीन झाले. संध्याकाळच्या पाळीची रजा सांगायला ती जाताजाता जच्चाखान्यात शिरली. व्हरांड्यात नेहमीसारखी एक पोटुशी बाई कळा देत फिरत होती. आयाबाईनं तिला दंडाला धरलं होतं आणि ती दर चार पावलांना खाली बसू बघत होती.

“बसायचं नाही, माय,” आयाबाई म्हणत होती, “फिरायचं. गोल गोल फिरायचं. बसलीस की जास्त दुखतंय.”

कोंडाबाई जागीच थांबली. तिला चिंचेखालची ती गोल वाट दिसली. न खाल्लेला कडबा दिसला. लोळून विस्कटलेलं गवत दिसलं. हिंग आणि ओवा!

“अगं बाई गं,” तिनं कपाळावर हात मारला, “पोट!”

आणि रजा सांगायची विसरून ती बाहेर पळाली.

५

पाचाला दहा मिनिटं कमी असताना सगळे तबेल्यासमोर होते. एकनाथराव अर्ज घेऊन, कोंडाबाईनं दुकानातून ओढून आणलेला अंबाजी लंगडत, हिम्मतराव रुमाल धरून. भिवाजी सखूचा हात धरून उभा होता. पोरगी दिवसभर जेवली नव्हती.

“आधी माझं सांगते,” कोंडाबाई म्हणाली, आणि कनवटीची किल्ली काढून दिवाणजीच्या रिकाम्या बादलीत टाकली. खण्ण! “ही माझी किल्ली. चोरून केलेली. खोटं बोलणार नाही असं मी पण नागपुरात बोलले. पण न विचारता खरं सांगायचं की नाही, ते काही मला नीट कळलं नाही, म्हणून सकाळपासनं गप्प बसले. चुकलंच माझं. काल संध्याकाळी मी मलिकेला दोन भाकऱ्या आणि गूळ चारला. आठवड्यातनं तीनदा चारते. आता गुळाच्या डल्ल्यावर ठसा काढणाऱ्यानं पुढं यावं.”

अंबाजीनं एक सुस्कारा सोडला. खण्ण. “अर्धी ढेप,” तो पुटपुटला. “आणि भिजवलेला हरभरा, परातभर. ती माझ्याकडं अशी बघायची, की शेठ म्हणूनही कुणी तसं बघत नाही.”

“मोहरेची लाख?”

एकनाथराव लालबुंद झाले. पण कारकुनाला पुरावा समजतो. खण्ण. “नऊ पुरणपोळ्या,” ते म्हणाले. “मी मंगळवारी चाललो. पुन्हा कधी भेट होणार तिची? घरच्यांना सांगितलं, मीच खाल्ल्या.”

तेवढ्यात भिवाजी ओरडला, “अरे बाप रे! मारली की रे घोडी तुम्ही! एवढं खाल्ल्यावर शूळ उठणार नाही तर काय! गवतात लोळली असेल ती!”

“तेच झालं,” कोंडाबाई म्हणाली. “ती झटापट नव्हती. पहाटे कुणीतरी आलं, बघतंय तर घोडी लोळतेय. त्यानं तिला उठवलं, हिंग-ओवा पाजला, आणि चिंचेभोवती फिरवली. आम्ही कळा आलेल्या बाईला फिरवतो तशी. भिवा, शूळ उठला की फिरवायचं, हे कुणाला ठाऊक असतं?”

“घोड्यांत राहिलेल्याला. मला. आणि जमादारसाहेबांना.”

“मग भिवाजीच!” एकनाथराव म्हणाले.

“भिवाजी असता तर शूळ का लपवला असता? त्यानं जादा दाणाही घातला नव्हता. आणि रेसकोर्सचा घोड्यांचा डॉक्टर इथनं दोनशे पावलांवर. भिवानं त्याला हाक मारून आणला असता. ज्यानं घोडी लांब नेली, त्याला जवळच्या लोकांत तोंड दाखवायची लाज वाटत होती. चोर असता तर खोगीर नेलं असतं. ह्यानं झूल नेली, गारठा लागू नये म्हणून. टाचेला पट्टी ठोकलेले त्याचे बूट औषधानं आणि लिदीनं भरले, म्हणून आज चपला. आणि औषध पाजताना मलिका शिंकली.” कोंडाबाईनं हात पुढं केला. “जमादारसाहेब, रुमाल काढा.”

मग हिम्मतरावांनी रुमाल खाली घेतला, आणि वाऱ्याबरोबर हिंगाचा असा भपकारा आला की दिवाणजीनंही मान फिरवली. दिवसभर धुऊनही तो वास मिशांतून गेला नव्हता.

“अकरा लाडू,” हिम्मतराव म्हणाले. “डिंकाचे. बहिणीनं दिवाळीचे पाठवले होते. काल दुपारी दिले. रोज पहाटेही येतो मी, काही ना काही घेऊन. शिस्त पोरांसाठी असते. मलिकेला कशाला शिस्त? मला वाटलं, माझ्या एकट्याच्या लाडवांनी मेली ती.” त्यांनी खिशातून किल्ली काढली. खण्ण. “माझ्या जुन्या रिसाल्यातला सालोत्री, घोड्यांचा वैद्य, अफझलगंजला नदीकाठी राहतो. त्याच्याकडे नेली. परत आलो तो सांगायलाच. पण बघतो तर हे ‘चोरी, चोरी’ ओरडत होते, आणि पोरं माझ्याकडं बघत होती. ज्या पोराला पेरवापायी दहा चकरा मारायला लावल्या, तेही त्यांतच. जीभ उचलली नाही. पाच वाजायच्या आत सांगणारच होतो.”

“सकाळी सहापासनं वेळ होता, जमादारसाहेब,” कोंडाबाई म्हणाली. ती ओरडली नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. “तुमच्या मिशा वाचाव्या म्हणून माझ्या भावाची भाकर चालली होती. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, किल्ली एकच नाही. चौघांनाही. आणि चौघंही गप्प बसलो.”

सखूनं एकच विचारलं, “मलिका जिवंत आहे का?”

हिम्मतरावांना ते माहीत नव्हतं.

६

तीन टांगे भरून मंडळ अफझलगंजला निघालं. कोंडाबाईला वाटेत कळलं की दुपारी किल्लीवाल्यापाशी ती बसली होती तिथून मलिका पन्नास पावलांवर होती, आणि ती स्वतःवरच चिडली.

सालोत्री चाचा दारातच भेटले. तोंड गंभीर. “इस घोड़ी कू क्या खिलाए तुम लोगां?”

सगळ्यांनी आळीपाळीनं सांगितलं. भाकरी, गूळ, हरभरा, नऊ पुरणपोळ्या, अकरा लाडू. चाचांनी कानांवर हात ठेवले. “शादी थी क्या इसकी?”

तेवढ्यात अंगणाच्या मागून असा एक प्रचंड, लांबलचक आवाज आला की टांग्याची घोडी बुजली आणि अंबाजीनं लंगडतच उडी मारली. चाचांचा चेहरा उजळला. “अल्हमदुलिल्लाह! सुबह से इसी का इंतज़ार था. बच गई तुम्हारी मलिका!”

मलिका झूल पांघरून कोपऱ्यातून डुलत आली. सखू तिच्या गळ्यात पडून रडली, आणि मलिकेनं तिची वेणी खाण्याचा प्रयत्न केला. म्हणजे प्रकृती ठीक होती.

एकनाथरावांनी अर्ज काढला, चार तुकडे केले, आणि तुकडे कुठं टाकावेत ते न कळून खिशात घातले. मग भिवाजीसमोर उभे राहिले. हेडक्लार्कला माफी मागायची सवय नसते. तिचा नमुना कुठल्या फायलीत नसतो. “भिवाजी,” ते म्हणाले, “माझं चुकलं. यादी बघितली, माणूस बघितला नाही.”

“चुकलं तर खरंच,” भिवाजी म्हणाला. “माझं नाव लिवायला तुम्हाला एक मिनिट पण लागलं नाही. ते मी इसरणार नाही. पण मनात बी धरणार नाही.”

एकनाथरावांनी मान हलवली. तिथंच टांग्याच्या पायरीवर बसून त्यांनी चार्जची यादी पुरी केली. घोडे दोन. खोगिरं दीड. किल्ल्या पाच. ‘चार्ज घेणार’ ह्याच्यापुढं हिम्मतरावांचं नाव आधीपासून लिहिलेलं होतं. हिम्मतरावांनीच ते खोडलं आणि कागद भिवाजीपुढं धरला. भिवाजीनं तो दोनदा वाचला, सही केली, आणि निघताना बादलीतून काढून घेतलेल्या चारही किल्ल्या आपल्या किल्लीशेजारी करदोट्याला बांधल्या.

शनिवारी सकाळी कोंडाबाई मैदानावर आली तेव्हा मलिका परत आपल्या जागी उभी होती आणि पोरं रांगेत होती. तबेल्याच्या दारात हिम्मतराव उभे होते. बूट घातलेले, मिशा पुन्हा वर. पण आत जात नव्हते.

“भिवाजीराव,” ते म्हणाले. चार वर्षांत त्यांनी पहिल्यांदा ‘राव’ लावलं. “आत येऊ का?”

भिवाजीनं खराऱ्याचा हात थांबवला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. “या की. पण आधी खिसे.”

हिम्मतरावांनी मुकाट्यानं उजवा खिसा उलटा केला. गुळाचा एक खडा मातीत पडला. मागं उभी असलेली बारा पोरं खिदळली, आणि तो पेरूवाला तर सगळ्यांत जास्त.

“दहा चकरा,” भिवाजी म्हणाला.

हिम्मतरावांनी टाचा जुळवल्या, रिसाल्यात ठोकायचे तसा कडक सलाम ठोकला, आणि मैदानाला पळत निघाले.

कोंडाबाई हसत हसत आत शिरायला लागली, तर भावाचा हात आडवा आला. “आक्का, पिशवी.”

तिनं जरा वेळ आभाळाकडं बघितलं. मग पिशवीत हात घालून, फडक्यात बांधलेली गरम भाकरी काढून त्याच्या हातात दिली आणि हिम्मतरावांच्या मागं चालायला लागली.